डोक्यातला आवाज : एका उपचाराचा इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार म्हटले की आपण भगिनी बहुधा पाककृती, ओव्या, यात्रेच्या आठवणी किंवा मंडळाच्या कार्याचा आढावा लिहून देतो. यंदा संपादक भगिनींनी "काही तरी इतिहासाचे लिहा" असा आग्रह धरला, तेव्हा आपल्या डोंगराचाच इतिहास लिहावा असे प्रथम मनात आले. परंतु राणोजी शिंदे यांनी १७३० साली नव्याने बांधविलेल्या देवळाची हकिकत आपल्यापैकी प्रत्येकीला पाठ आहे. ती मी पुन्हा काय सांगणार? म्हणून एका निराळ्याच इतिहासाला हात घालीत आहे. तो परदेशात घडला, मुंबईपर्यंत आला आणि एके दिवशी आमच्या घराच्या उंबऱ्याशी येऊन थांबला. विषय वैद्यकाचा असला तरी समजण्यास कठीण नाही, एवढी खात्री मी वाचक भगिनींना देते.

काही वर्षांपूर्वी श्रावण षष्ठीला, चोपडाईदेवीच्या यात्रेच्या गर्दीत, माझ्या धाकट्या जाऊबाई गायमुखाकडच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरून पडल्या. कपाळाला खोक पडली, दोन टाके घातले गेले आणि आठवड्याभरात सर्व काही पूर्ववत झाले असे आम्ही समजलो. पुढे महिनाभराने त्या म्हणू लागल्या, "आक्का, डोस्क्यात सारखं धसाधसा हुतंय. कुणीतरी भाता वढल्यावानी." दिवसा घरकामात त्यांना त्याचा विसर पडे, रात्री उशीवर कान टेकला की आवाज वाढे. मग डावा डोळा लाल झाला. डोळे आले असतील म्हणून थेंब झाले, दृष्ट काढून झाली, देवाचा अंगारा लावून झाला. सासूबाई म्हणाल्या, अशक्तपणा आहे. आणि मी, घरातली थोरली, दोन बुके शिकलेली, काय म्हणाले? "सवय होईल गं, लक्ष देऊ नकोस." हे वाक्य मला आजही टोचते. या लेखाचे खरे कारण तेच आहे.

पुढची हकिकत शेवटी सांगेन. आधी हा आवाज कशाचा होता ते पाहू.

आपल्या शिवारातल्या उसाला पाणी कसे पाजतात हे कोल्हापूरच्या बाईला सांगावयास नको. पाणी मोठ्या पाटाने येते, पाटातून सरीत शिरते, सरीत हळूहळू मुरून उसाच्या मुळाला लागते आणि उरलेसुरले पाझरून ओढ्याला मिळते. आपल्या मेंदूतील रक्ताचीही व्यवस्था अशीच आहे. हृदयाकडून जोराने रक्त आणणाऱ्या रोहिण्या हे पाट. केसाहून बारीक अशा केशवाहिन्या ह्या सऱ्या. आणि रक्त परत नेणाऱ्या नीला हे ओढे. सरीमध्ये पाण्याचा जोर मोडतो, म्हणूनच ओढ्याचे काठ नाजूक असले तरी चालते.

आता समजा, पाटाला ओढ्याच्या अंगाने भगदाड पडले. मग तीन गोष्टी होतात. पलीकडचा ऊस पाण्यावाचून सुकतो. ओढ्याला अकाली पूर येऊन काठ ढासळू लागतात. आणि पाणी धबाधबा पडत असल्याचा आवाज रात्रंदिवस येत राहतो. मेंदूत रोहिणी आणि नीला यांचा मधल्या केशवाहिन्या वगळून असा थेट संबंध जुळला, तर हेच तीन अनर्थ घडतात. मेंदूचा काही भाग उपाशी राहतो, नीला फुगते व कधी फुटते, आणि रोग्याला नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज ऐकू येतो.

हे संबंध अनेक तऱ्हांचे असतात. काहींच्या मेंदूत रोहिणी-नीलांचा गुंता जन्मतःच असतो. काहींना मेंदूवरील आवरणात उतारवयात तो उत्पन्न होतो. काहींना डोक्याला मार लागल्यावर, डोळ्याच्या मागे असलेल्या नीलांच्या कोशात मानेतून वर गेलेली मोठी रोहिणी फाटते. आणि अगदी क्वचित, आईच्या पोटातील बाळाच्या मेंदूतच तो असतो. हे सर्व विकार दुर्मीळ आहेत. प्रत्येक डोकेदुखीला त्यांचा धसका घेण्याचे कारण नाही. परंतु दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे.

आता इतिहासाकडे वळू. या इतिहासाचे तीन टप्पे मला दिसतात. आधी माणूस ऐकायला शिकला, मग पाहायला शिकला, आणि शेवटी आत जायला शिकला.

अठराव्या शतकात युरोपात पुष्कळ दुखण्यांवर शीर कापून रक्त काढण्याची रीत होती. कोपराच्या लवणीत हत्यार जरा खोल गेले की नीलेतून आरपार होऊन खालच्या रोहिणीलाही भोक पडे आणि दोहोंचा संबंध जुळून जाई. लंडनचे शरीरशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७५७ साली अशा रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. फुगलेल्या शिरेवर बोट ठेवले की थरथर लागते आणि कान लावला की सूंसूं असा आवाज येतो, हे त्यांनी नमूद केले. आणि रक्त आपला नेहमीचा मार्ग सोडून थेट रोहिणीतून नीलेत उडी घेत आहे, हे अनुमान काढले. यंत्र नाही, चित्र नाही. केवळ बोट आणि कान यांच्या बळावर काढलेले हे अनुमान आजही खरे आहे.

त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी लंडनमध्येच एक बाई बेंजामिन ट्रॅव्हर्स नावाच्या शस्त्रवैद्याकडे आली. तिचे वय ३४ वर्षे. गरोदर असताना एके दिवशी तिला कपाळाच्या डाव्या बाजूस एकाएकी काही तटकन तुटल्यासारखे जाणवले होते. त्यानंतर डोळा पुढे आला, ठोक्याबरोबर उडू लागला आणि डोक्यात आवाज सुरू झाला. ट्रॅव्हर्स यांनी १८०९ साली तिच्या मानेतील मोठी रोहिणी दोऱ्याने बांधली, आणि ती बाई सुधारली. त्या काळी भूल देण्याचे औषध निघालेले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या बाईच्या धैर्याची कल्पना येईल. परंतु हा उपाय म्हणजे भगदाड बुजविण्यासाठी सबंध पाटच बंद करण्यासारखा होता. कोणाच्या डोक्याला दुसऱ्या बाजूने रक्त पुरे, तो वाचे. ज्याला पुरत नसे त्याचे अर्धे अंग लुळे पडे किंवा प्राणच जाई. पुढील शंभर वर्षे वैद्यांजवळ याहून फारसा बरा इलाज नव्हता.

ऐकण्याच्या या प्रकरणात आणखी एका स्त्रीचा वाटा आहे. पॅरिसमध्ये १८१६ साली लाएनेक नावाच्या वैद्यांकडे एक तरुण बाई हृदयाच्या दुखण्यासाठी आली. परक्या बाईच्या छातीला कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर व दुसरे आपल्या कानाला लावले. ठोके पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू आले! आज प्रत्येक डॉक्टरांच्या गळ्यात दिसणारा स्टेथॉस्कोप हा त्या सुरळीचा वंशज होय. एका बाईची लाज राखण्यातून तो निघाला. माझ्या जाऊबाईंचे निदानही त्यानेच झाले, पण ते ओघाने येईल.

दुसरा टप्पा पाहण्याचा. जर्मनीत राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु कवटीच्या आतील रक्तवाहिन्या काही दिसेनात. हे काम पोर्तुगालमध्ये लिस्बन येथे एगाश मोनीश यांनी केले. आपल्या शेजारचा गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. क्ष-किरणांना अडविणारे औषध मानेतील रोहिणीत सोडावे आणि त्याच क्षणी चित्र घ्यावे, ही त्यांची कल्पना. मोनीश यांचे हात संधिवाताने अधू झालेले, म्हणून सुई टोचण्याचे काम आल्मेदा लिमा हे त्यांचे तरुण सहकारी करीत. पहिले प्रयत्न फसले आणि एक रोगी दगावलाही. अखेर २८ जून १९२७ रोजी एका विशीतल्या मुलाच्या मेंदूतील रोहिण्या पानाच्या शिरांसारख्या काचेवर उमटल्या. हंटर यांनी कानाने ताडले होते ते आता डोळ्यांना दिसणे शक्य झाले. आज आपण जिला अँजिओग्राफी म्हणतो, तिची मेंदूपुरती सुरुवात ही अशी झाली.

तिसरा टप्पा आत शिरण्याचा, आणि त्याची सुरुवात मोठी विलक्षण आहे. जर्मनीतील एबर्सवाल्डे गावच्या रुग्णालयात १९२९ साली वेर्नर फोर्समान हा तरुण डॉक्टर नोकरीस होता. हाताच्या शिरेतून रबरी नळी थेट हृदयापर्यंत नेता येईल असे त्याचे म्हणणे; वरिष्ठांनी त्यास मनाई केली. तेथील परिचारिका गेर्डा डित्सेन हिच्या ताब्यात हत्यारांच्या कपाटाची किल्ली होती. ती म्हणाली, प्रयोग माझ्यावर करा. फोर्समानने तिला टेबलावर बांधले आणि तिची नजर चुकवून नळी स्वतःच्याच दंडात घातली! मग तिला सोडवून, नळी तशीच ठेवून, दोघे चालत क्ष-किरणांच्या खोलीत गेले आणि नळीचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र त्याने काढविले. पुढे १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गेर्डाचे नाव मात्र मागे पडले. आपल्या स्मरणिकेत तरी ते असावे, म्हणून मुद्दाम दिले आहे.

त्यानंतरची युक्ती तर आपल्या घरातलीच वाटावी. स्वीडनमध्ये सेल्डिंगर यांनी १९५३ साली ती प्रसिद्ध केली. आधी पोकळ सुई रोहिणीत टोचावयाची. सुईतून बारीक तार आत सरकवावयाची. सुई काढून घ्यावयाची. आणि मग तारेवरून मऊ नळी ओवीत न्यावयाची. परकराच्या नेफ्यात आपण पिनेच्या आधाराने नाडी ओवतो, त्यातलाच हा प्रकार. मोठी चीर द्यावी लागत नाही. जांघेतील रोहिणीतून शिरलेली नळी पोटातून, छातीतून, मानेतून वर नेता येते आणि डॉक्टर पडद्यावर तिची वाटचाल पाहत असतात.

आता प्रश्न राहिला भगदाड बुजविण्याचा. १९३० च्या सुमारास अमेरिकेत बार्नी ब्रुक्स यांनी रोग्याच्याच स्नायूचा तुकडा मानेतील रोहिणीत सोडून तो प्रवाहाबरोबर भगदाडापर्यंत जाऊ देण्याचा उपाय केला होता. १९६० साली वॉशिंग्टन येथे ल्युसेनहॉप व स्पेन्स या दोघा वैद्यांनी मेंदूतील जन्मजात गुंत्यासाठी प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या मानेतील रोहिणीत सोडल्या. त्यांचा हिशेब साधा होता. जिकडे भगदाड, तिकडे ओढ जास्त. तेव्हा पाटात सोडलेले पान जसे फुटक्या बाजूकडे वाहत जाते, तशा गोळ्याही गुंत्याकडेच जातील. बहुतेक गोळ्या जातही. परंतु एखादी वाट चुकून चांगल्या सरीत शिरली तर तेवढा मेंदू कायमचा सुके. नुसत्या प्रवाहावर भरवसा ठेवून चालणार नव्हते. हाती लगाम हवा होता.

तो लगाम मॉस्कोच्या फ्योदोर सेर्बिनेन्को यांनी शोधला. १९५९ सालच्या मे दिनी तांबड्या चौकात मुले फुगे घेऊन हिंडत होती. दोरीच्या टोकाशी वाऱ्यावर डोलणारे ते फुगे पाहून त्यांना कल्पना सुचली अशी हकिकत सांगतात. नळीच्या टोकाशी इवलासा फुगा बसवावा; प्रवाह त्याला ओढून नेईल; पाहिजे तेथे फुगवावा, पटले नाही तर रिता करून मागे घ्यावा. १९७० साली त्यांनी फुग्याने मेंदूकडे जाणारी रोहिणी कायमची बंद करून दाखविली, आणि पुढे फुगा भगदाडातच सोडून रोहिणी वाहती ठेवण्याचीही रीत बसविली. त्यांचा अनुभव १९७४ साली अमेरिकेतील नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा जगभरचे वैद्य चकित झाले. ट्रॅव्हर्स यांनी सबंध पाट बांधला होता. सेर्बिनेन्को यांनी पाट चालू ठेवून फक्त भगदाड लिंपले. मधे दीडशेहून अधिक वर्षे गेली. फ्रान्समध्ये देब्रुन यांनी सुटणाऱ्या फुग्यांची ही विद्या आणखी सुधारली.

पुढील प्रगती झपाट्याची आहे. हवेत किंवा ओलाव्यात चटकन सुकणारा जो डिंक आज आपण मोडकी खेळणी चिकटवायला वापरतो, त्याच्याच जातीचा, पण शरीरास चालेल असा डिंक १९७० च्या दशकापासून गुंत्यात भरण्यात येऊ लागला. रक्ताशी गाठ पडताच तो घट्ट होतो. १९८० च्या दशकात शेवयांइतक्या बारीक नळ्या निघाल्या आणि मेंदूच्या आतल्या फांद्यांपर्यंत जाता येऊ लागले. मूळचे इटलीचे गुग्लिएल्मी यांनी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे प्लॅटिनमच्या तारेची मऊ वेटोळी बनविली. ती मनासारखी बसेपर्यंत मागे घेता येतात आणि बसली की विजेच्या सौम्य प्रवाहाने तारेपासून सोडविता येतात. त्यांचे काम १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर डिंकाहून सावकाश घट्ट होणारे द्रव्य आले. अमेरिकेत २००५ साली त्याला मेंदूच्या गुंत्यासाठी परवानगी मिळाली. कवटीला हात न लावता कवटीच्या आत काम करण्याची ही विद्या दीड-दोन पिढ्यांत उभी राहिली.

आपल्याकडे काय चालले होते, हे पाहणेही अगत्याचे आहे. आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला स्वतंत्र विभाग डॉ. जेकब चंडी यांनी वेल्लोरला १९४९ साली काढला. पुढच्याच वर्षी मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी काम सुरू केले. आणि १९५१ साली भारतीय मज्जाशास्त्र परिषदेची स्थापना झाली. मुंबईत त्याच दशकात डॉ. गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी ही शाखा रुजविली. डॉ. दस्तूर यांचे काम परळच्या के. ई. एम. रुग्णालयात झाले. हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याच्या जोडीच्या शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयासाठी देणगी देणाऱ्यांनी, तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट घातली होती. परकी अंमल असताना घातलेली ती अट किती दूरदृष्टीची होती! याच संस्थेत पुढे डॉ. अनिल करापूरकर आणि डॉ. उदय लिमये यांच्यासारख्या मंडळींनी नळीवाटे मेंदूचे उपचार करण्याचे काम केले. दक्षिणेत त्रिवेंद्रमची श्री चित्रा तिरुनाल संस्था या विद्येचे मोठे केंद्र झाली. ज्या रोग्याला पूर्वी परदेशी जाण्याखेरीज गती नव्हती, तो कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी मुंबईत उपचाराच्या दारी पोहोचू लागला.

आपल्या कोल्हापूरचाही एक दुवा मला येथे आठवतो. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सी. पी. आर., पूर्वी आल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणून ओळखले जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्रियांची सेवा केली. त्यांचा मेंदूच्या विद्येशी संबंध नव्हता. परंतु आपले दुखणे मोकळेपणाने सांगावे असे कोल्हापूरच्या बायकांना वाटावे, अशी जागा त्यांनी निर्माण केली; आणि ऐकून घेणारे कोणी असल्याखेरीज कोणतीही विद्या रोग्यापर्यंत पोहोचत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. हा उपचार म्हणजे जादूटोणा नव्हे. नळी मेंदूत नेताना रोहिणीला इजा होऊ शकते, डिंक नको तेथे जाऊ शकतो, अर्धांग होऊ शकते. जन्मजात गुंत्याच्या बाबतीत, तो फुटून रक्तस्राव होण्याचा धोका वर्षाला शंभरांत सुमारे दोन ते चार रोग्यांना असतो, असे वैद्य सांगतात. मग न फुटलेल्या गुंत्याला हात लावावा की नाही? या प्रश्नासाठी अनेक देशांनी मिळून सुमारे सव्वादोनशे रोग्यांवर एक मोठा अभ्यास केला. तो 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी तीन वर्षांहून कमी काळात, नुसत्या औषधांवर ठेवलेल्या गटात शंभरांत दहा जणांना, तर उपचार केलेल्या गटात शंभरांत एकतीस जणांना पक्षाघात किंवा मृत्यू आला. या अभ्यासावर वैद्यांमध्ये पुष्कळ वाद झाला. अवधी थोडा होता, रोगी निवडक होते, असे आक्षेप आले. एकदा फुटलेल्या गुंत्याला किंवा डोळ्यामागील भगदाडाला तो निष्कर्ष लागूही नाही. पण कधी आत जावे याइतकेच कधी जाऊ नये हेही ठरवावे लागते, एवढा बोध त्यातून निश्चित होतो.

आणि आता आई होणाऱ्या भगिनींसाठी एक हकिकत. पोटातल्या बाळाच्या मेंदूत मधोमध असा संबंध असला, की रक्ताचा मोठा ओघ तेथूनच परत फिरतो आणि जन्मताच बाळाचे इवलेसे हृदय थकून जाते. पूर्वी अशी बहुतेक बाळे हातची जात. पॅरिसजवळच्या रुग्णालयात पियेर लाझोनियास या वैद्यांनी १९८० च्या दशकापासून अशा तान्ह्यांवर नळीवाटे, टप्प्याटप्प्याने, उपचार करण्याची शिस्त घालून दिली व पुष्कळ बाळे वाचविली. २००८ साली ते वारले. त्यानंतर २०२३ सालच्या मार्च महिन्यात अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. डॅरेन ओरबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बाळ ३४ आठवड्यांचे असताना, आईच्या पोटातच हा उपचार केला. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत आईच्या पोटातून, गर्भाशयातून बाळाच्या डोक्यात सुई नेऊन फुगलेल्या नीलेत प्लॅटिनमची वेटोळी सोडली. थोड्याच दिवसांत मुलगी जन्माला आली, आणि तिच्या हृदयाला औषधाचा टेकू द्यावा लागला नाही. १८०४ साली लंडनच्या गरोदर बाईला तटकन झालेला आवाज आणि २०२३ साली बोस्टनच्या आईने दिलेली संमती यांत दोन शतकांचे अंतर आहे. पण दोघींच्या धैर्याची जात एकच.

आता घरची गोष्ट पुरी करते. जाऊबाईंचा डोळा हळूहळू पुढे येऊ लागला आणि एकाचे दोन दिसू लागले, तेव्हा कोठे आम्ही हललो. पडल्याला सात महिने उलटले होते. कोल्हापुरातील एका वयस्कर डॉक्टरांनी त्यांना सर्व हकिकत प्रथमपासून विचारली, आणि "आवाज येतो" हे शब्द ऐकताच स्टेथॉस्कोप काढून त्यांच्या मिटलेल्या पापणीवर ठेवला. क्षणभर ऐकून त्यांनी नळ्या माझ्या कानांत घातल्या. भगिनींनो, तो आवाज मी ऐकला आहे. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला भाता ओढल्यासारखा, अगदी जाऊबाईंनी सांगितला होता तसाच. सात महिने आम्ही ज्याला मनाचा खेळ म्हणत होतो, तो खरोखर वाजत होता.

पुढे मोठ्या शहरात त्यांच्या जांघेतून नळी घालून ते भगदाड बुजविण्यात आले. डोक्यावर एकही टाका नव्हता. त्या रात्री त्या मध्येच जाग्या झाल्या आणि घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाल्या, "आक्का, आवाज थांबला हो." इतके महिने ऐकल्यावर शांततेनेच त्यांची झोप मोडली होती. डोळ्याची लाली उतरली, सूज गेली. परंतु दाबाखाली राहिलेल्या त्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी आली नाही. दोन-तीन महिने आधी गेलो असतो तर कदाचित आली असती. चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात, हलगी कडाडते आणि "चांगभलं"चा गजर होतो, तेव्हा त्या उजवा डोळा गुलालापासून पदराने जपतात. ते पाहिले की माझे मलाच वाईट वाटते.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने माझी सर्व भगिनींना एवढीच विनंती आहे. घरातली सून, सासू, लेक, जाऊ "डोक्यात आवाज येतो" असे म्हणाली, तर तिच्या मनगटावर बोट ठेवून विचारा, की आवाज या ठोक्याबरोबर येतो काय? येत असेल तर डॉक्टरांना नेमके तेच शब्द सांगा. जोडीला डोळा लाल असेल, पुढे येत असेल किंवा दोन-दोन दिसत असेल तर दिवस घालवू नका. एकाएकी असह्य डोके दुखले, फेफरे आले, अंगाची एक बाजू लुळी पडली, तर अंगाऱ्याने मनाला धीर जरूर द्या, पण १०८ क्रमांकाला दूरध्वनी आधी करा. आणि खर्चाच्या धास्तीने घरी बसण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतो काय, याची रुग्णालयात चौकशी करा.

हंटर यांनी कान लावला, ट्रॅव्हर्स यांनी बाईचे सांगणे खरे मानले, आणि तेथून हा सर्व इतिहास चालू झाला. फुगे, डिंक, प्लॅटिनम ही पुढची साधने. ती मोठ्या शहरांत आहेत आणि तेथेच राहतील. पहिले साधन मात्र आपल्या घरात, आपल्याच जवळ आहे. आपले मंडळ हे एकमेकींचे ऐकून घेण्याचे ठिकाण आहे, आणि ते तसेच पुढेही राहो, अशी देवापाशी प्रार्थना करून व मंडळाच्या पुढील वाटचालीस सुयश चिंतून हा लेख पुरा करते.